चुलीमागच्या भिंतीवरचं बियाणं

त्या बाईचं बियाणं मी फेकलं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना कोणी माझ्याबद्दल भलता आदर बाळगणार नाही. पूर येऊन गेलेल्या गावात झाडू घेऊन जाणाऱ्या माणसाबद्दल लोकांना उगीचच चांगलं वाटतं. मलाही स्वतःबद्दल त्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत फार चांगलं वाटत होतं.

मी अमरावतीची. सारी नोकरी नर्स म्हणून काढली, त्यातली बरीच वर्षं खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांवर. निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम कसा करतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी डोळा उघडला की हात शिवशिवायला लागायचे. घरातली प्रत्येक बरणी मी तीन-तीनदा घासली. आमचे हे म्हणायचे, "आता मलाच एकदा घासून उन्हात ठेव, म्हणजे संपलं." त्यामुळे जुलैच्या शेवटी दर्यापूरच्या पुढच्या खेड्यांत पाणी शिरल्याची बातमी आली, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं की आपण साफसफाईला जाऊ, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. काम मिळालं होतं.

आम्ही सहा जणी एक गाडी करून निघालो. फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, रबरी हातमोजे. गावात पोचलो तेव्हा पाणी ओसरून दोन दिवस झाले होते आणि गाळ मागे राहिला होता. आमच्याकडची काळी माती शेतात असते तेव्हा तिचं कौतुक. घरात शिरली की फावड्याला चिकटते, चपलेला चिकटते, एक पाय काढावा तर दुसरा आत जातो. वर सगळीकडं कुजल्या सोयाबीनचा वास. लोक आपापल्या दारात उभे होते आणि कुठून सुरुवात करावी हे कोणालाच कळत नव्हतं. मला बरोबर कळत होतं.

मला आणि माझ्या जोडीदारणीला नाल्याकाठचं शेवटचं घर मिळालं. भाजीपाला पिकवणाऱ्या माळी नवरा-बायकोचं घर, दोन खोल्यांचं. दोघं सकाळीच वाडीत काय उरलं ते बघायला गेली होती. शेजारी एक म्हातारे चाचा राहायचे, शिंपीकाम करणारे. आपलं शिवणयंत्र ओट्यावर उघडून ते त्याच्यातली माती काडीनं काढत बसले होते. किल्ली त्यांच्याकडं होती. दार उघडून देताना ते म्हणाले, "साफ करो बाई, अच्छी बात है. लेकिन फेंकने का कुछ रहा तो उसको पूछ के फेंकना. बारा-एक बजे आती वो."

मी "हो चाचा" म्हटलं. हो म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

माझ्या जोडीदारणीची कंबर अर्ध्या तासात धरली. ती बाहेर भांडी घासत बसली आणि आतलं राज्य माझ्या एकटीच्या हाती आलं. मी गाळ उपसला. भिजून फुगलेल्या गाद्या ओढत बाहेर नेल्या. पिठाचा डबा, मिठाची बरणी, कुजलेले कांदे, सगळं दारासमोरच्या ढिगावर. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत होती. ती मी खराट्यानं घासून काढली. मग मागच्या खोलीत गेले. तिथं चूल होती आणि चुलीमागच्या भिंतीवर, पाण्याच्या रेघेच्या हातभर वर, शेणाच्या चकत्या थापलेल्या होत्या. पोळीएवढ्या, धुरानं काळ्या पडलेल्या, एकाखाली एक अशा दोन ओळी.

खेड्यांत इतकी वर्षं काढलेल्या बाईला गोवऱ्या काही नव्या नाहीत. पण गोवऱ्या बाहेर उन्हात थापतात. घरात, चुलीशी, भांड्यांच्या फळीला लागून शेण बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. बाळाच्या नाळेला शेण लावू नका, जखमेला शेण लावू नका, शेणातून धनुर्वात होतो, हे सांगून सांगून माझा घसा सुकला होता त्या नोकरीत. जवळ जाऊन बघितलं तर चकतीत फिकट, टोकदार असं काहीतरी रुतलेलं दिसलं. मला ते किड्यांचे कोष वाटले. मग काय विचारता. चुलीपाशी उलथनं पडलं होतं, त्यानं एकेक चकती खरवडून घमेल्यात टाकली. भिंत ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतली. घमेलं ढिगावर रिकामं केलं. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीवरच्या माणसांनी ढीग भरला आणि ट्रॅक्टर गावाबाहेर गेला. मी कमरेवर हात ठेवून त्या भिंतीकडं बघत उभी राहिले. माझ्या हिशेबानं ती गावातली सगळ्यांत स्वच्छ भिंत होती.

ती बाई एकच्या सुमारास आली. चाळिशीची, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. नवरा मागं वाडीतच राहिला होता. तिनं मला हात जोडले. समोरची खोली बघून म्हणाली, "लय काम केलं बाई तुमी." मग मागच्या खोलीत गेली. मी आत गेले तेव्हा ती भिंतीवर तळहात फिरवत होती.

"इथलं कोनं काढलं?"

"मी काढलं. अहो, शेण होतं ते. चुलीपाशी शेण बरं नाही. त्यात किडे पण झाले होते."

"बी होतं त्यात," ती म्हणाली. "काकडीचं."

तेवढंच. तिचा आवाज चढला असता तर मीही चढवला असता, मला ते येतं. ती खाली बसली आणि भिंतीच्या पायथ्याशी ओल्या फरशीवर बोटांनी चाचपू लागली. दारात आलेल्या चाचांनी मला सगळं सांगितलं. काकडीच्या बिया ओल्या शेणात रोवून ते भिंतीला थापायचं. शेण वाळतं, चुलीचा धूर लागतो, किडा शिवत नाही, आणि पेरणीच्या वेळी चकती फोडून बी काढायचं. हिच्या आईकडून आलेलं बी होतं. पांढरट हिरवी, अंगावर रेघा असलेली काकडी, साल न काढता खायची. दर्यापूरच्या बाजारात हिच्या पाटीपुढं गिऱ्हाईक त्या काकडीसाठी उभं राहायचं आणि मग बाकीची भाजी घ्यायचं. त्या वर्षीचे वेल वाडीतून वाहून गेले होते. ते पाहूनच ती परत आली होती, आणि वाटेत नवऱ्याला म्हणाली होती की वेल गेले तर जाऊ द्या, भिंतीवर बी आहे. पाणी तिथवर चढलंच नव्हतं.

पाण्यानं सोडलं ते मी नेलं.

"बाजारात बी मिळतं ना पाकिटात," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते परत घेता येत नाही. "मी आणून देते. चांगल्या कंपनीचं आणते."

तिनं माझ्याकडं बघितलं, चाचांनीही बघितलं. मी हातमोजे उचलले आणि ट्रॅक्टर गेला त्या दिशेनं निघाले.

गावाबाहेरच्या पडीक जागेत साऱ्या गावाचा गाळ टाकला जात होता. गाद्या, दप्तरं, कडबा, मेलेल्या कोंबड्या, एक फुटलेला टीव्ही, आणि त्या सगळ्यावर लोण्यासारखी काळी माती. आमची ट्रॉली कुठं उलटली हे कोणालाच नीट सांगता येईना. मी पिठाचा डबा शोधला. त्या डब्यावर निळी फुलं होती, ती मी फेकताना बघितली होती. डबा सापडला तिथून उकरायला लागले. काही वेळानं चाचा येऊन शेजारी बसले. लुंगी वर खोचून तेही उकरू लागले. मग ती आली. आम्ही तिघं ओळीनं बसून चिखल चाळत होतो. मी मात्र एका जागी बसत नव्हते. इथं दोन मुठी, तिथं दोन मुठी, मग पलीकडं. शेवटी ती म्हणाली, "बाई, एका जागी पाहा ना. असं कसं सापडंन?"

अंधार पडायच्या आत साडेतीन चकत्या मिळाल्या. बाकीच्या विरघळून मातीत मिसळल्या होत्या. तिनं हापशावर बसून त्या फोडल्या आणि बी नखानं दाबून दाबून बघितलं. बरंचसं फुगून मऊ पडलं होतं, काही ट्रॉलीत चिरडलं होतं. चांगलं म्हणावं असं बी मूठभरही नव्हतं. मोजून अठरा-वीस बिया.

आता ती ते पदरात बांधेल आणि मी घरी जाईन, असं मला वाटलं. तिनं त्याचे तीन वाटे केले. एक चाचांच्या हातावर ठेवला, एक माझ्यासमोर धरला.

"मला कशाला? तुमच्याकडंच राहू द्या, आधीच किती कमी आहे."

"माही बी चूक हाय," ती म्हणाली. "बहीन मांगत होती, नाई देल्लं. जाऊ मांगत होती, तिले बी नाई. माही काकडी म्हनून एकटीनं ठेवलं, एकाच भिंतीवर. दुसऱ्या घरी असतं तं आज कोनाच्या बी दारात जाऊन आनलं असतं." मग मला विचारलं, "तुमी कितव्या मजल्यावर रायता?"

"तिसऱ्या."

"मंग लावा. तिथं पूर येत नाई."

मी सहा बिया रुमालात बांधून अमरावतीला आणल्या. आमच्या ह्यांनी दोन मोठ्या कुंड्या आणल्या आणि मला गॅलरीबाहेर काढायचा निश्चय केला, कारण मी दिवसातून पाच वेळा माती उकरून बघत होते. चार बिया उगवल्या. दोन रोपं मी पाणी घालून घालून मारली. तिसऱ्याला उन्हात ठेवावं की सावलीत हे ठरवता ठरवता तेही गेलं. एक उरलं. त्याच्याजवळ जायचे तेव्हा मी हात मागं बांधून जायचे.

तिचा फोन रोज सकाळी सातला यायचा. "कशी हाय?" म्हणून विचारायची. मी बरी आहे की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पानं किती झाली, वेलाचा तांता कुठवर गेला, मुंग्या लागल्या का. बोलणं गोड. बाई, जरा आधाराले काडी लावजा. बाई, राख टाकून पाहा ना. मी भराभर उत्तरं द्यायचे आणि फोन ठेवल्यावर दिवसभर घरात येरझारा घालायचे. तिनं एकदा तरी शिवी द्यावी, ओरडावं, असं मला वाटायचं. दवाखान्यात माझ्यावर ओरडलेल्या माणसांची मला कधी भीती वाटली नव्हती. या गोड आवाजानं माझी झोप उडाली.

ऑगस्ट संपता संपता पुन्हा पाणी आलं. घरात शिरलं नाही, पण वाडी बुडाली आणि तिनं वरच्या कडेला लावलेले वेल त्यात गेले. चाचांनी अंगणात लावलेला वेल चांगला मांडवावर चढला होता, तो शेजारच्या बकरीनं दोरीसकट खाल्ला. चाचांनी फोनवर मला स्वतः सांगितलं आणि वर म्हणाले, "अब तुम्हारे पासच है, बाई." मी फोन ठेवला आणि आधी गॅलरीत जाऊन वेल जागेवर आहे ना ते बघितलं. ज्या बाईला बी आणि किड्याचा कोष यांतला फरक कळला नव्हता, तिच्या गॅलरीत आता ती एकुलती एक काकडी होती.

त्या दिवसापासून मी घर सोडलं नाही. गणपतीला मुलगा पुण्याला बोलावत होता, गेले नाही. "आईनं वेल दत्तक घेतलाय," असं ह्यांनी त्याला सांगितलं. वेलाला पिवळी फुलं आली आणि गळून गेली. तिसऱ्या मजल्यावर मधमाशी येईना. तिनं फोनवर शिकवलं. ज्या फुलामागं बारकी काकडी असते ते मादीचं. बिनकाकडीचं, नुसत्या देठाचं ते नराचं. सकाळी दव असताना नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मादीच्या फुलात हळूच फिरवायचं. "हळूच, बाई," ती दोनदा म्हणाली. आयुष्यभर बायकांची बाळंतपणं केली, हे त्याच्या आधीचं काम मात्र पहिल्यांदाच माझ्याकडं आलं होतं. हे दारातून म्हणाले, "मी तोंड फिरवून उभा राहू का?" मी मान वर न करता पाकळ्या दुमडत राहिले.

तीन फळं धरली. दोन बोटभर होऊन पिवळी पडली आणि गळाली. एक राहिलं. ते वाढलं, हातभर झालं. रंग हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी झाला आणि सालीवर जाळी आली. मी त्याच्याखाली जुन्या ओढणीची झोळी बांधली. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटलं तरी मी धावायचे. माकडं आमच्या गल्लीत वर्षातून एखादेवेळी येतात. त्या दिवाळीत ती दोनदा आली. फटाके उडत असताना मी हातात काठी घेऊन गॅलरीत बसले होते. शेजारणीला वाटलं, मला काहीतरी झालंय. तसं झालंच होतं म्हणा.

"देठ वाळला का?" ती रोज विचारायची. ज्या दिवशी मी हो म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती आली. पहिल्यांदाच माझ्या घरी येत होती. हातपाय धुतले, ह्यांना नमस्कार केला, आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून सरळ गॅलरीत गेली. फळाला हात लावण्याआधी देठ चिमटीत धरून बघितला. मग पिशवीतून आपलाच चाकू काढला. मी खाली वर्तमानपत्र पसरलं. तिनं काकडी उभी चिरली.

आत बी गच्च भरलेलं होतं. मला रडूच आलं, पण तिचा चेहरा हलला नाही. तिनं बी बोटानं काढून पातेलीतल्या पाण्यात सोडलं, चोळलं आणि थांबली. तरंगलं ते ओतून दिलं. ते थोडंच होतं. बाकी सगळं तळाशी बसलं. ते तिनं फडक्यावर पसरलं आणि ऊन सरकेल तसं फडकं सरकवत राहिली. दोन तास आम्ही तिथं बसलो. मधे तिनं बहिणीसाठी एक वाटा निराळा केला, जावेसाठी एक, चाचांसाठी एक, आणि एक माझ्या बाजूला सारला. उरलेलं पदराच्या टोकाला बांधून गाठ दोनदा ओढून बघितली.

मग ती म्हणाली, "आता बोलू का, बाई?"

"बोला ना."

"मी घरी नव्हती, तवा तुमी माह्या घरात शिरल्या. चाचानं तुमाले सांगतलं होतं, इचारून फेका म्हनून. एका घंट्यात मी येनारच होती. काहून नाई थांबल्या तुमी? तुमाले काय वाटलं, आमच्यासारख्याच्या भिंतीवर जे असन ते घानच असन?" आवाज चढत गेला. आतल्या खोलीत ह्यांच्या वर्तमानपत्राची सळसळ थांबली. "आन वरतून मले म्हनता पाकीट आनून देतो! तीन महिने मी तुमच्याशी गोड बोलून राहिली. काहून, तं वेल तुमच्याकडं होता. मले भेव होतं, मी काई बोलली आन तुमाले राग आला तं तुमी त्याले पानी नाई घालनार."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. धनुर्वात, पुराचं पाणी, इतक्या वर्षांचा अनुभव, सगळं ओळीनं जिभेवर उभं होतं. रोजच्या येरझाऱ्यांत मी तेच पाठ करत आले होते. त्यातलं काहीच मी बोलले नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावायला गेली तर पदरात बियांची गाठ होती. ती तिनं सांभाळून मांडीवर ठेवली, चेहरा दोन्ही हातांनी झाकला, आणि जुलैत गेलेल्या घरादाराचं, वाडीचं, सगळ्याचं रडणं ती माझ्या गॅलरीत पहिल्यांदा रडली.